शोदो ही खरंच कला आहे का नुसते फटकारे? आणि जपानी न येता शिकता येईल का?

प्रश्न विचारणाऱ्यांनी तीन गोष्टी एकदम विचारल्यात. त्यांनी जपानी शाळकरी मुलींचा एक व्हिडिओ बघितला, त्यात गाण्याच्या तालावर झाडूएवढे ब्रश घेऊन मुली जमिनीवर अंथरलेल्या कागदावर लिहितायत, आणि त्यांना पडलेला प्रश्न असा की ही कला आहे का नुसता शो, आजचे खरे मोठे लोक कोण, आणि ज्याला जपानी ओ का ठो येत नाही त्याला हे शिकता येईल का. मी बावीस वर्षं शोदो करतेय, त्यातली पहिली नऊ जपानमध्ये काढली आणि आता पुण्यात घरीच शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शोदो म्हणजे जपानी पद्धतीनं ब्रश आणि शाईनं अक्षरं लिहिण्याची कला; 'शो' म्हणजे लिहिणं आणि 'दो' म्हणजे मार्ग, ज्युदोमधला तोच 'दो'.

आधी तो व्हिडिओ बाजूला ठेवा आणि फक्त एक आडवी रेघ डोळ्यासमोर आणा. जपानीत एक हा आकडा म्हणजे एक आडवी रेघ, म्हणायचं 'इची'. मी पहिल्यांदा गल्लीतल्या क्लासला गेले तेव्हा माझ्या शेजारी तिसरीतली मुलं बसायची (शाळेत ब्रशनं लिहायला तिसरीपासूनच सुरुवात होते) आणि आम्ही सगळे तीच रेघ काढत होतो. माझी रेघ सरळ यायची, जाड यायची, पण काठी ठेवल्यासारखी दिसायची. मग एक दिवस सेन्सेई, म्हणजे आमच्या बाई, माझ्या मागे येऊन गुडघ्यावर बसल्या आणि माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी ती रेघ काढली. ब्रशचं टोक डावीकडून तिरकं, साधारण ४५ अंशात कागदावर टेकलं आणि तिथे त्या थांबल्या, इतक्या थांबल्या की मला वाटलं आता शाई पसरणार, मग टोक रेघेच्या वरच्या कडेला ठेवून उजवीकडे निघाल्या, मधे दाब थोडा हलका केला, शेवटी पुन्हा थांबून ब्रश किंचित वर घेतला, खाली दाबला आणि आत वळवून उचलला. जिथे मी घाई करत होते तिथे त्या सावकाश होत्या आणि जिथे मी चाचरत होते तिथून त्या बिनधास्त निघून गेल्या. मला जे शोदो कळलंय ते त्या रेघेपासून कळायला लागलं. रेघेत वेळ साठवलेला असतो, कुठे थांबला, कुठे पळाला, कुठे श्वास घेतला, सगळं कागदावर उमटतं आणि शंभर वर्षांनी बघणाऱ्यालाही ते मागं जाऊन बघता येतं.

म्हणून एक नियम अगदी पहिल्या दिवसापासून असतो, काढलेल्या रेघेवर परत हात फिरवायचा नाही. कमी पडलं, वाकडं गेलं, तरी तसंच राहू द्यायचं आणि नवा कागद घ्यायचा. आणि फसवताही येत नाही बरं का, शाई पाणी घालून पातळ केलेली असेल तर दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे आधी काढलेली रेघ वर असल्यासारखी दिसते, म्हणजे कुठली आधी कुठली नंतर हेसुद्धा जाणकाराला कळतं. तुम्ही कुठल्याही प्रदर्शनात शोदो बघायला गेलात तर अर्थ वाचायच्या भानगडीत पडू नका, हवेत बोटानं त्या रेघांच्या मागे मागे जा, तीन-चार कामांनंतर तुम्हाला वेगातला फरक जाणवायला लागेल. हे मी माझ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला करायला लावते, आणि ज्यांना एकही कांजी, म्हणजे चिनी वळणाचं जपानी अक्षर, वाचता येत नाही त्यांना ते लवकर जमतं, कारण वाचता येणारा माणूस अर्थ कळला की पुढे जातो.

आता कला आहे का नाही, तर हा वाद जपानमध्ये स्वतःच होऊन गेलाय. १८८२ मध्ये कोयामा शोतारो नावाच्या, पाश्चात्त्य पद्धतीनं चित्रं काढणाऱ्या चित्रकारानं लेख लिहिला की लेखन ही कला नव्हे, आणि त्याला उत्तर दिलं पुढे कला-समीक्षक म्हणून गाजलेल्या ओकाकुरा तेनशिननं, तेव्हा तो विशीतला पोरगा होता. कोयामाचा मुद्दा साधारण असा, की अक्षर भाषेची खूण आहे, त्याचं काम वाचलं जाणं, त्यात चित्रासारखी निर्मिती कुठाय. ओकाकुराचं म्हणणं की लिहिणारा अक्षराची घडण, ओळींचं नातं, जागेचा तोल याचा विचार करतो तेव्हा तो उपयोगाच्या पलीकडे गेलेला असतो. मला ओकाकुरा पटतो पण कोयामाचा प्रश्न पोकळ नव्हता, कारण पुढची सत्तर वर्षं शोदोवाले त्याच प्रश्नाशी झगडत राहिले आणि त्यातूनच आधुनिक शोदो जन्माला आलं. तेव्हा सरकारी असलेल्या निप्पोन आर्ट एक्झिबिशनमध्ये, ज्याला सगळे 'नित्तेन' म्हणतात, शोदोला स्वतंत्र विभाग मिळाला तो १९४८ मध्ये.

तिकडे जायच्या आधी सामानाबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ब्रश, शाई, शाईचा दगड आणि कागद, या चौघांना अभ्यासिकेची चार रत्नं म्हणतात. शाई म्हणजे सुमी, ही बाटलीतली नाही, काडीसारखी घट्ट वडी असते, काजळी आणि प्राण्यांपासून काढलेला सरस मळून केलेली. जपानमधल्या या वड्यांचं बहुतेक सगळं उत्पादन नारा शहरात होतं, तिथलं कोबाईएन हे दुकान १५७७ पासून चालू आहे. काम फक्त थंडीत होतं कारण उन्हाळ्यात सरस सडतो. कारागीर ती काळी कणीक हातापायांनी तुडवतात, लाकडी साच्यात दाबतात, मग राखेत पुरून हळूहळू वाळवतात, आधी ओलसर राख, मग रोज थोडी कोरडी, आणि शेवटी गवताच्या दोरीनं बांधून छताला टांगतात. तेलाच्या दिव्याची काजळी असेल तर काळा रंग जरा तपकिरीकडे झुकतो, पाइनच्या लाकडाची असेल तर निळसर. काळ्यातही इतके काळे असतात हे मला तिथे गेल्यावर कळलं.

दगडाला सुझुरी म्हणतात. त्याला एक सपाट उंचवटा असतो आणि एक खोलगट भाग, उंचवट्याला 'ओका' म्हणजे जमीन म्हणतात आणि खोलगट भागाला 'उमी' म्हणजे समुद्र. जमिनीवर पाण्याचे थेंब टाकायचे आणि वडी अगदी हलक्या हातानं गोल गोल फिरवायची. जोर लावला तर काजळीचे कण जाड पडतात. दहा-पंधरा मिनिटं हेच चालतं, आणि माझं मत विचाराल तर ही दहा मिनिटं वाचवायला बाटलीतली शाई घेणं सरावाला ठीक आहे पण ज्या दिवशी मनापासून लिहायचंय त्या दिवशी नको, कारण घासताना खांदा सैल होतो आणि श्वास लयीत येतो, तो फरक पहिल्याच रेघेत दिसतो. मियागी प्रांतातल्या ओगात्सु गावाचा काळा दगड सुझुरीसाठी प्रसिद्ध, टोकियो स्टेशनच्या छतावरच्या पाट्याही त्याच दगडाच्या. २०११ च्या त्सुनामीत ते गाव वाहून गेलं, कारागिरांनी चिखलातून दगड उचलून, धुऊन परत काम सुरू केलं. ब्रशांचं गाव म्हणजे हिरोशिमाजवळचं कुमानो, जपानमधले साधारण ८० टक्के ब्रश तिथले. शेतीच्या रिकाम्या महिन्यांत बाहेरगावी कामाला जाणारी माणसं येताना ब्रश विकायला आणायची, त्यातून हळूहळू गावानं तो धंदाच उचलला. बकरीचे केस मऊ, शाई खूप धरतात पण हाताला दाद देत नाहीत, घोड्याचे आणि विझलचे (मुंगसासारखा छोटा प्राणी) केस कडक आणि चपळ. नवशिक्यानं मिश्र केसांचा घ्यावा.

आता कित्ता. मराठीत आपण 'कित्ता गिरवणं' थोडं खालच्या सुरात म्हणतो, दुसऱ्याचं बघून करणं अशा अर्थानं. शोदोमध्ये हाच आयुष्यभराचा अभ्यास आहे, त्याला रिन्शो म्हणतात आणि त्याचे तीन टप्पे. पहिल्यात आकार जसाच्या तसा उतरवायचा, दुसऱ्यात लिहिणाऱ्याचा भाव पकडायचा, आणि तिसऱ्यात मूळ पान बंद करून आठवणीतून लिहायचं. सत्तर-ऐंशी वर्षांचे नावाजलेले सेन्सेई रोज सकाळी कुणाचा तरी हजार वर्षांपूर्वीचा कागद समोर ठेवून बसतात. सगळ्यात जास्त कित्ता गिरवला जातो तो चौथ्या शतकातल्या चिनी वांग शिझीचा, जपानीत त्याला ओ गिशी म्हणतात. त्याचं ३५३ मधलं 'ओर्किड मंडपाची प्रस्तावना' हे लेखन जगातलं सगळ्यात प्रसिद्ध हस्ताक्षर म्हणायला हरकत नाही, आणि गंमत म्हणजे त्याच्या हातचं मूळ एकही अक्षर आज शिल्लक नाही, जे आहे ते सगळं नकला आणि दगडावरून घेतलेले ठसे. म्हणजे सोळाशे-सतराशे वर्षं लोक नकलेची नकल गिरवतायत आणि तरी त्यातून तो माणूस जाणवतो.

जपानमधला पहिला मोठा हात म्हणजे भिक्षू कूकाई, ज्याला मरणोत्तर कोबो दाइशी म्हणतात. तो ८०४ मध्ये चीनला गेला, ८०६ मध्ये परत आला. त्यानं साइचो या दुसऱ्या भिक्षूला लिहिलेली पत्रं क्योतोच्या तो-जी मंदिरात आहेत, राष्ट्रीय ठेवा म्हणून, आणि ती साधी कामाची पत्रं आहेत, प्रदर्शनासाठी लिहिलेली नाहीत. त्याच्यावरून जपानीत म्हण आहे, कोबोच्याही ब्रशकडून चूक होते. दंतकथा अशी, की राजवाड्याच्या ओतेन दरवाज्याची पाटी लिहून वर चढवल्यावर लक्षात आलं की एक ठिपका राहिलाय, तर त्यानं खालूनच ब्रश फेकून तो ठिपका पाडला.

इथे आपला एक धागा आहे आणि तो खरा आहे. कूकाई चीनमध्ये प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकला आणि येताना सिद्धम् लिपी घेऊन आला. ही ब्राह्मीच्या वंशातली, आपल्या देवनागरीची चुलत बहीण म्हणा. भारतातून ती केव्हाच गेली, पण जपानच्या शिंगोन, म्हणजे कूकाईच्याच बौद्ध पंथाच्या, मंदिरांत आजही ब्रशनं लिहितात, आणि तिथल्या स्मशानात थडग्यांमागे ज्या उंच लाकडी फळ्या उभ्या असतात त्यांवर वरून खाली ही बीजाक्षरं लिहिलेली असतात. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिथेच उभी राहिले, 'अ' थोडाफार वाचता येत होता! शिवाय जपानी वर्णमालेचा क्रम बघा, अ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम सिद्धम् शिकलेल्या भिक्षूंच्या अभ्यासातून आला, आणि त्यातला 'हा' प्राचीन काळी 'पा' होता, तो धरला तर क्रम लगेच ओळखीचा वाटतो. आणि प्रज्ञापारमिता हृदय सूत्र हे छोटं बौद्ध सूत्र ब्रशनं उतरवून काढणं, ज्याला शाक्यो म्हणतात, ते आजही हजारो साधी माणसं करतात. नाराच्या याकुशी-जी मंदिरानं तर १९६८ पासून लोकांकडून हे सूत्र लिहून घेऊन, त्याबरोबर येणाऱ्या देणगीतून आपलं मुख्य सभागृह परत बांधलं, ते १९७६ मध्ये पूर्ण झालं. शेवटची ओळ जपानी भिक्षू म्हणतात 'ग्यातेइ ग्यातेइ हारा ग्यातेइ', आपलं 'गते गते पारगते'.

आता आधुनिक लोक. हे समजायला हिदाई तेनराई (१८७२ ते १९३९) हे नाव पाहिजे. त्याच्या आधीच्या पिढीत, १८८० मध्ये, यांग शौजिंग नावाचा चिनी विद्वान जुन्या शिलालेखांचे हजारो ठसे घेऊन जपानला आला होता आणि लोकांना पहिल्यांदा कळलं की आपण ज्याला जुनं समजतोय त्याच्याही मागे केवढा रांगडा, दणकट माल पडलाय. तेनराईनं त्या सगळ्यावर आयुष्य घालवलं आणि शिष्यांना सांगितलं की माझी नक्कल करू नका, थेट जुन्यांकडे जा. आणि नेमके याच माणसाचे शिष्य पुढे सगळ्यात मोठे बंडखोर निघाले. त्याचा मुलगा हिदाई नानकोकू यानं १९४५ मध्ये 'वीज' या अक्षराच्या जुन्या रूपावरून असं काम केलं की त्यात अक्षर राहिलंच नाही, फक्त रेघा. उएदा सोक्यू यानं १९५१ मध्ये 'प्रेम' नावाचं काम नित्तेनमध्ये लावलं, नातवाच्या रांगण्यावरून सुचलेलं, ते बघायला दुसऱ्याच अक्षरासारखं होतं, आणि एवढा गदारोळ झाला की विचारू नका. तेशिमा यूकेईचं 'होकाई', म्हणजे कोसळणं, १९५७ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनाला गेलं. तिथला समीक्षक मारियो पेद्रोसा, जपानी न येणारा, त्याला बघूनच वाटलं की काहीतरी कोसळतंय, असं सांगतात. वर मी म्हटलं ना, वाचू नका, बोटानं मागे जा, ते हेच.

तेनराईच्या याच वळणातून पुढे १९५२ च्या जानेवारीत क्योतोच्या र्योआन-जी मंदिरात पाच जण जमले आणि 'बोकुजिनकाई' म्हणजे शाईवाल्या माणसांची मंडळी सुरू केली. त्यात मोरिता शिर्यू होता, उएदाचा शिष्य, तो 'बोकुबी' मासिक चालवायचा, त्याच्या जून १९५१ च्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर अमेरिकन चित्रकार फ्रान्झ क्लाइन याचं चित्र होतं. म्हणजे न्यूयॉर्कचे चित्रकार आणि क्योतोचे शोदोवाले एकमेकांकडे बघत होते. मोरितानं पुढे काळ्या पार्श्वभूमीवर अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आणि वर पिवळसर व्हार्निश वापरून पडद्यांवर मोठमोठी अक्षरं लिहिली, ती लाखेवरच्या सोन्यासारखी दिसतात.

पण माझं मन ज्याच्यापाशी सगळ्यात जास्त अडकतं तो त्याच पाचांतला इनोउए यूइची (१९१६ ते १९८५). हा टोकियोत प्राथमिक शाळेतला शिक्षक. १० मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्याच्या रात्री तो योकोकावा शाळेत ड्युटीवर होता, आसऱ्याला आलेली शेकडो माणसं तिथे जळून मेली आणि तो वाचला. त्यानं त्याबद्दल बरीच वर्षं काही लिहिलं नाही. मधे १९५० च्या दशकात अक्षरं सोडून एनॅमल पेंटनं नुसते आकार करून बघितले, मग परत अक्षराकडे आला. आणि १९७८ मध्ये, तेहतीस वर्षांनी, 'आह योकोकावा राष्ट्रीय शाळा' हे काम लिहिलं. ते मी एका प्रदर्शनात पाहिलंय. अक्षरं खाली उतरत जातात, मधेच दाटतात, ओळी वाकतात, काही जागी शाई संपलीय तरी ब्रश ओढलाय, काही ठिकाणी खोडलंय, आणि ते 'सुंदर' मुळीच नाही. मी बोट फिरवत ओळीच्या मागे निघाले आणि अर्ध्यात थांबावं लागलं. दुसरीकडे याच माणसानं 'हिन' म्हणजे गरिबी हे एकच अक्षर कित्येक वेळा लिहिलं, माणसाएवढ्या कागदावर, आणि ते अक्षर दोन पायांवर उभ्या माणसासारखं दिसतं. नोकरी त्यानं कधी सोडली नाही, पुढे मुख्याध्यापक झाला आणि १९७६ मध्ये निवृत्त झाला. कला आहे का शो असं मला कुणी विचारलं की मी इनोउएचं नाव सांगते.

शिनोदा तोको वेगळ्या वाटेनं गेली. १९१३ चा जन्म, २०२१ मध्ये १०७ व्या वर्षी गेली, जवळजवळ शेवटपर्यंत काम करत होती. ती सांगायची की नदीच्या अक्षरात तीन उभ्या रेघा असतात, आणि मला लहानपणापासून वाटायचं की चार का नाहीत, दोन का नाहीत. १९५६ ला न्यूयॉर्कला गेली, दोन वर्षांनी परत आली, आणि एक कारण असं की तिथल्या कोरड्या हवेत सुमी फार पटकन वाळते. हे वाचून हसू येईल पण पुण्यात एप्रिल-मे महिन्यात लिहून बघा, रेघेच्या शेवटापर्यंत ब्रश ओला राहत नाही, आणि जुलैत मुंबईला लिहिलंत तर कागद हवेतलं पाणी पिऊन बसलेला असतो आणि सगळं पसरतं. हवा हे पाचवं रत्न आहे असं मी विद्यार्थ्यांना सांगते.

आजचं म्हणाल तर शोदो तिथे रोजच्या जगण्यात आहे. १ एप्रिल २०१९ ला नव्या राजवटीचं नाव 'रेइवा' जाहीर झालं तेव्हा मंत्र्यानं टीव्हीवर जी फ्रेम उचलून दाखवली ती मंत्रिमंडळ कार्यालयातल्या मोझुमी ओसामी या कर्मचाऱ्यानं लिहिली होती, नेमणुकीची पत्रं ब्रशनं लिहिणं हीच तिथे नोकरी असते. मला तो रेइवा फार आवडतो, अजिबात दाखवेगिरी नाही. दर डिसेंबरला क्योतोच्या कियोमिझु मंदिरात मठाधिपती मोरी सेइहान दीड मीटरभर उंच कागदावर वर्षाचं अक्षर लिहितात, ही प्रथा १९९५ ची, त्या वर्षी कोबेचा भूकंप झाला होता आणि अक्षर होतं 'हादरणं'. एनएचके या जपानी टीव्ही वाहिनीच्या ऐतिहासिक मालिकांची नावं कोण लिहितं याकडे आम्ही सगळे डोळे लावून असतो, २००९ ला ताकेदा सोउन, २०१० ला शिशू, २०१२ ला कानाझावा शोको. शोकोबद्दल एवढंच सांगते की ती १९८५ ची, तिला डाउन सिंड्रोम आहे, आईच तिची गुरू, आणि दहा वर्षांची असताना आईसमोर बसून, रडत रडत, तिनं अख्खं हृदय सूत्र लिहिलं होतं. तिचं काम दयेनं बघू नका. क्योतोच्या केन्निन-जी मंदिरात तिचं 'वायुदेव आणि वीजदेव' आहे, त्यातली ताकद कुणाच्याही तोडीची आहे.

आणि तुम्ही पाहिलेला व्हिडिओ बहुतेक शोदो परफॉर्मन्स कोशिएनचा, एहिमे प्रांतातल्या शिकोकुचूओ या गावी २००८ पासून हायस्कूलच्या मुलांची ही स्पर्धा होते. ते कागद बनवणाऱ्यांचं गाव, धंदा मंदावला होता म्हणून तिथल्या शाळेच्या मुलांनी बाजारपेठेत लिहायला सुरुवात केली. बारा मुलं, चार बाय सहा मीटर कागद, सहा मिनिटं. जुने सेन्सेई नाकं मुरडतात, मला मात्र तो राग पटत नाही. त्या मुली रोज संध्याकाळी काय करतात ते मी एका शाळेत बघितलंय, तीन तास जमिनीवर वाकून कित्ता, ओ गिशी आणि बाकी सगळे, आणि त्यातून मग ती सहा मिनिटं. माझी तक्रार वेगळीच आहे, की इंटरनेटवर कित्त्याला हातही न लावता मोठा ब्रश घेऊन फटकारे मारणारे आणि त्याला झेन म्हणणारे फार झालेत. रेघ बघा, लगेच कळतं, सुरुवात आणि शेवट सारखाच असतो, मधे कुठे थांबणं नाही.

आता शिकण्याचं. जपानी येत नसेल तरी नक्की शिकता येईल. सुरुवातीची अक्षरं थोडी असतात, अर्थ सांगून लिहायचा, रेघांचा क्रम मात्र पाठच करायला लागतो कारण क्रम चुकला की हाताची चाल तुटते. 'एई', म्हणजे शाश्वत, या एका अक्षरात आठ मूळ रेघा येतात, तेच महिनोनमहिने गिरवलं तरी चालेल. पहिलं वर्ष काइशो, म्हणजे एकेक रेघ सुटी सुटी असलेलं वळण. विद्यार्थी विचारतात की देवनागरी लिहू का, लिहा, पण आपल्या बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं म्हणून जाड-बारीक त्याच्या कोनातून येतं, आणि इथे गोल टोकदार ब्रश असतो, जाड-बारीक दाबातून येतं, हे डोक्यात ठेवा नाहीतर सगळी अक्षरं विचित्र होतील. मोडी लिहिणाऱ्यांना मात्र जपानी काना वळण (उच्चारावरून लिहायची साधी जपानी अक्षरं) पटकन जमतं असं मी पाहिलंय, हात न उचलता अक्षरातून अक्षरात जायची सवय असते ना.

सामान फार घेऊ नका. मिश्र केसांचा एक बऱ्यापैकी जाड ब्रश, बाटलीतली जपानी शाई, खाली अंथरायला काळं फेल्ट आणि कागद दाबायला एक वजन. आपल्याकडे दुकानात जी ड्रॉइंगची वॉटरप्रूफ इंडिया इंक मिळते ती अजिबात वापरू नका, त्यात लाख असते, एकदा वाळली की ब्रश दगड होतो. माझ्याकडे एक मुलगा पहिल्याच आठवड्यात चांगला कुमानोचा ब्रश असा घालवून आला होता, फार वाईट वाटलं. कागद महाग पडतो म्हणून सरावाला वर्तमानपत्र चालतं, जपानमध्येही मुलं तेच करतात, आठवड्यातून एकदा खरा कागद घ्या. जमिनीवर बसलात तर उत्तम, टेबलवर बसलात तर कोपर टेकवू नका, हात खांद्यातून फिरला पाहिजे. डावखुऱ्यांनी डाव्या हातानं शिकावं का, मी अडवत नाही, पण रेघांची दिशा उजव्या हातासाठी ठरलेली आहे हे आधीच सांगते. कपड्यावर शाई पडली तर ओल्या भाताची शितं साबणाबरोबर चोळा, सगळं नाही तरी बरंच निघतं.

आणि लिहून झालं की लगेच ब्रश धुवा, आळस करू नका. नळाखाली धरून बोटांनी मुळापर्यंत हलकेच दाबत राहायचं, पाणी स्वच्छ यायला पाच मिनिटं लागतात, मुळाशी शाई राहिली की केस फाकतात आणि टोक परत कधी जुळत नाही. मग बोटांनी टोक आणून दोरीला टोक खाली करून टांगा, उन्हात नाही, सावलीत. पावसाळ्यात कपाटात ठेवण्याआधी पूर्ण दोन दिवस वाळू द्या आणि शेजारी डांबराची गोळी ठेवा, बकरीच्या केसांना कसर लागते.